शोकाकुल आणि शुभेच्छुक

केरू आप्पांच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. द्राक्षबागेत जायचं, दोन ओळी फिरायच्या, घड औषधात बुडवणाऱ्या बायकांना उगाच काहीतरी बोलायचं आणि मोटारसायकलला किक मारून परत घरी. घरी आले की सिंधुबाईंना विचारायचे, "आला का फोन?" फोन आप्पांच्याच खिशात असायचा. सिंधुबाई आधी हसल्या, मग चिडल्या आणि मग त्यांनी उत्तर द्यायचंच सोडून दिलं.

फोन कॅनडातून यायचा होता आणि ही सगळी घालमेल आप्पांनी स्वतःच ओढवून घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक इतकाच की आप्पांनी नुसता हात दाखवला नव्हता, चांगला पिंपळाच्या फांदीपर्यंत पोचणारा फ्लेक्स छापून गावच्या चौकात लावला होता.

झालं असं की दिवाळी उलटली आणि आप्पांना नात झाली. एकुलता एक मुलगा अमोल कॅनडात, सून अदिबा तिथेच, आणि मोबाईलवर आलेला तो फोटो: गुलाबी टोपी, मिटलेले डोळे आणि कपाळावर थेट आप्पांचीच आठी. नाव सारा ठेवलं होतं. आप्पांनी तो फोटो बागेतल्या बायकांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला, औषधं विकायला आलेल्या कंपनीच्या माणसालाही थांबवून दाखवला. पण शिवरेखेड्यात एवढ्याने भागत नाही. दिंडोरी रस्त्यावरच्या या गावात माणूस दहावी पास झाला, सोसायटीवर निवडून आला, त्याने जीप घेतली किंवा तो मेला, तरी फ्लेक्स लागतो. ज्याचा फ्लेक्स लागला नाही ते घडलंच नाही असं गाव धरून चालतं. आप्पा तडक फ्लेक्सवाल्याकडे गेले.

फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरमध्ये शोधाशोध केली आणि म्हणाला, "आप्पा, अमोलभाऊचा फोटो हाय माझ्याकडं. मागच्या टायमाचा. तोच टाकू?"

"टाक."

"आन् खालची नावं? सगळ्यांचे फोटो बसवलेले हायेत त्या फाईलीत. नुसतं वरचं बदलून देतो, काम लवकर होईल."

"दे बदलून," आप्पा म्हणाले. मागचा टाइम कोणता ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं आणि दोघांनीही त्याचा विषय काढला नाही.

आप्पा अडले ते एकाच ठिकाणी. सुनेचं नाव घालायचं का? ते बाहेर टपरीवर जाऊन चहा पिऊन आले आणि म्हणाले, "सौ. अदिबा लिही. ठळक लिही." एवढं धाडस त्यांनी जन्मात पहिल्यांदा केलं होतं, आणि घरी जाताना त्यांची छाती नुसती भरून आली होती.

मागचा टाइम चार वर्षांपूर्वीचा. अमोल नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि अदिबा तिथेच माल तपासायला. तिचे वडील रहेमानभाई नाशकात द्वारका चौकाजवळ गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतात. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि शिवरेखेड्यात आगडोंब उसळला. आप्पांच्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा रोहित तरुण मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही कशाला हाल करून घेता? पत्ता द्या, आम्ही जाऊन समजावून आणतो." अमोलने पत्ता विश्वासाने आईला कळवला होता. आप्पांनी तो रोहितला दिला. समजावून आणायला गेलेली पोरं अमोलचा हात मोडून आली. जोडपं पुण्याला पळालं, तर तिथे पार्सल द्यायला आलेला पोरगा नेमका गावातलाच निघाला, आणि थोड्याच दिवसांत रोहितची गाडी त्यांच्या इमारतीखाली येऊन उभी राहिली. तेव्हा ती दोघं देशच सोडून गेली.

इकडे भाऊबंद रोज ओट्यावर येऊन बसायचे. रोहितने फ्लेक्सची फाईल करून आणली आणि आप्पांकडे फक्त फोटो मागितला. आप्पांनी तो दिला, डोकंही भादरून घेतलं. चौकात फ्लेक्स लागला: अमोलचा कॉलेजातला कोट घातलेला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल', आणि गोल गोल चौकटींत सगळे भाऊबंद, मधोमध गॉगल लावलेला रोहित. जिवंत पोराचा फ्लेक्स, आणि गाव त्याच्याखालून दुधाचे कॅन घेऊन जात-येत होतं.

राग माणसाला किती दिवस पुरतो? सिंधुबाईंचा तर हात मोडल्याचं कळलं त्याच दिवशी संपला होता. आप्पांना दोन वर्षं लागली. मग एकदा सिंधुबाई फोनवर बोलत असताना ते शेजारी येऊन बसले, आणि तेव्हापासून बोलणं सुरू झालं. सिंधुबाई तर अदिबाच्या आईशी, अमिनाबाईंशीही बोलायच्या, बाळंतिणीला डिंकाचे लाडू कसे पाठवता येतील याच्यावर दोघींची तासन्‌तास खलबतं चालायची. आप्पांना वाटलं, झालं गेलं, सगळं निवळलं. आपलं मन निवळलं म्हणजे गावाचंही निवळलं, असं वाटणारा माणूस भाबडा म्हणायचा की लबाड, हे आप्पांनाही सांगता आलं नसतं.

तर नव्या फ्लेक्सवर तोच कोट, तेच भाऊबंद आणि तोच गॉगल. फक्त वर 'कन्यारत्न प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि 'शोकाकुल'च्या जागी 'शुभेच्छुक'.

दोन-तीन दिवसांनी सकाळी अमोलचा फोन आला. आप्पांना वाटलं, पोरगा खूश होऊन बोलणार.

"आप्पा, तो बॅनर कुणी लावला?"

"मी. कसा झालाय? गावच्या फेसबुकवर बी टाकलाय पोरांनी."

मग अमोल म्हणाला, "आप्पा, माझी केस चालू आहे इथे. सुनावणी जवळ आलीय. तुम्हाला सांगितलं नव्हतं मी."

आप्पांना इतके दिवस वाटत होतं की अमोल नोकरीवर गेलाय. तसं काही नव्हतं. तो फिरायला म्हणून गेला होता आणि तिथे उतरल्यावर त्याने सरकारकडे आसरा मागितला होता. परत गेलो तर आमच्या जिवाला धोका आहे, आम्हाला ठेवून घ्या, असा अर्ज. पुरावा म्हणून मोडलेल्या हाताचे कागद होते, पण खरा पुरावा तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स. आणि आता निवाडा करणाऱ्यांना गावच्या उघड्या फेसबुक पानावर दुसरा फ्लेक्स सापडला होता. त्यांनी लिहून विचारलं होतं की ज्यांनी तुम्हाला मेलेलं ठरवलं, तेच आता तुमचं अभिनंदन करत आहेत. मग तुम्हाला भीती कुणाची?

"म्हंजे तू तिथं निर्वासित हाय?" आप्पांनी विचारलं.

"अजून नाही. मागितलंय."

हा शब्द आप्पांच्या जिव्हारी लागला. निर्वासित म्हणजे देवळाली कॅम्पातली सिंधी माणसं, फाळणीत अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली. आप्पांचे वडील त्यांच्या गोष्टी सांगायचे. आपल्या पोराला दोन मजली घर आहे, आईबाप आहेत, सातबाऱ्यावर नाव आहे. त्याने परक्या सरकारपुढे हात पसरावा? दिवसभर ते बागेत फिरत राहिले आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबून तोच शब्द पुटपुटत राहिले.

दुसऱ्या दिवशी अमोलच्या वकिलाच्या ऑफिसातून साधना मॅडमचा फोन आला. बाई मूळच्या नांदगावच्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही व्हिडिओवर साक्ष द्याल का? पण एक सांगते, शिकवलेलं बोलायचं नाही. जे खरं असेल तेच सांगायचं. आज अमोल, अदिबा आणि बाळ गावाला परत आले, तर त्यांना धोका आहे का?"

"इचारून सांगतो," आप्पा म्हणाले.

साधना मॅडमनी लगेच विचारलं, "कुणाला विचारून?"

"रोहितला."

"आणि केस हरली तर काय होईल ते माहीत आहे ना? त्यांना परत पाठवतील."

परत पाठवतील. फोन ठेवला आणि आप्पांच्या मनात नको तो विचार आला. नको तो म्हणजे काय, अगदी हवा तो विचार. पाठवू देत की परत. आपण मुंबईला विमानतळावर जाऊ. वरची खोली रंगवून घेऊ. सारा अंगणात रांगेल, द्राक्षाचा मणी तोंडात घालून तोंड वेडंवाकडं करेल. पोराचं नुकसान होईल खरं, पण पोरगा घरी येईल. ज्याने आपल्या पोराचा असा तोटा मनातल्या मनात चाखून पाहिला नाही, त्याने आप्पांना नावं ठेवावीत.

सिंधुबाईंनी तर हे उघडच बोलून दाखवलं. "येऊ द्या त्यांना. तुम्ही सांगून टाका, आता कुणाचा राग नाय म्हणून. मला नात मांडीवर घ्यायचीय. फोनमधली नात मला पुरत नाय."

"सांगतो. आधी रोहितला इचारतो."

रोहितचं घर आप्पांच्या घराला लागून. मधली भिंत एकच, इकडे खोकललं की तिकडे ऐकू जातं. तरी विचारायला जायला आप्पांना तीन-चार दिवस लागले. जायचे, ओट्यापर्यंत पोचायचे, काहीतरी निमित्त काढून परत फिरायचे. शेवटी एका दुपारी रोहितनेच हाक मारली, "आप्पा, आत या की. काय घिरट्या घालू ऱ्हायले?"

रोहित नेहमीच गोड बोलायचा. आप्पांना त्याने आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. खुर्ची पुढे सरकवली, पंखा लावला आणि आपण होऊनच म्हणाला, "बॅनरवर मला न इचारता टाकलं तुम्ही. मी बोललो का काही? पोरं चिडली होती, लय चिडली होती. मी म्हणलो, ऱ्हाऊ द्या, आप्पांचा आनंद हाय."

"त्येच बोलायचं होतं," आप्पा म्हणाले. "ती दोघं परत आली तर?"

"येऊ द्या की. घर त्याचंच हाय."

"कुणाचा राग...?"

"कसला राग, आप्पा? रक्ताचं नातं हाय. तुम्ही फक्त तारीख कळवा. आम्हीच जाऊ मुंबईला घ्यायला. तुम्ही कशाला हाल करून घेता?"

पत्ता मागतानाही हेच वाक्य होतं, शब्दही तेच. पण माणसाची आशा चिवट असते. त्यांनी स्वतःला समजावलं की बोलायची सवय असते एकेकाला, त्यात काय. तरी खात्री करून घ्यावी म्हणून ते म्हणाले, "रोहित, मग एक कर. तू त्याच्याशी फोनवर बोल. हात मोडला त्याची माफी माग. तेवढं केलंस ना, तर तो निर्धास्त येईल."

रोहित मनापासून हसला. "माफी कशाची? आम्ही तर समजवायला गेलो होतो. त्योच जिन्यावरनं पडला." मग त्याने स्वतःचा मोबाईल काढला. त्याच्याकडेही साराचा फोटो होता, फ्लेक्सवाल्या पोस्टमधला. दोन बोटांनी त्याने तो मोठा केला, अजून मोठा केला, पडदाभर तिचा नुसता गाल आणि एक मिटलेला डोळा दिसायला लागला. "पोरगी कुणावर गेली, आप्पा? आपल्यावर का त्यांच्यावर?" तो विचारत राहिला आणि निरखत राहिला.

आप्पांना तो मोबाईल हिसकावून घ्यावासा वाटला. त्यांना भीती वाटली, साधी, सरळ भीती. गुळाने मरत असेल तर विष कशाला घाला, असं लोक म्हणतात. आप्पा त्या गुळाचा खडा तोंडात घेऊन बाहेर पडले. मोटारसायकल काढली आणि कारण नसताना ओझरपर्यंत गेले, तिथून पिंपळगावकडे वळले, पेट्रोल संपत आलं तेव्हा परतले. सिंधुबाईंनी विचारलं, "काय म्हणला?"

"ये म्हणला."

"मग झालं तर," सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच संध्याकाळी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. आप्पांनी पुढचं काही सांगितलं नाही.

आप्पांनी साधना मॅडमना साक्षीला हो कळवलं आणि आठवडाभर तारखेच्या फोनची वाट पाहिली, पण साक्ष द्यायची कुठून, हा एक प्रश्नच होता. घरून देणं शक्य नव्हतं, भिंत एक. बागेत रेंज नव्हती. शेवटी अमिनाबाईंनी सिंधुबाईंना सांगितलं, आमच्याकडे या. तिथे सकाळ तेव्हा इथे दिवेलागण, त्यामुळे रहेमानभाईंचं दुकानही तोवर बंद होतं. मोटारसायकलवर मागे बसलेल्या सिंधुबाई वाटभर सांगत होत्या, "सरळ सांगा, आम्ही सांभाळू म्हणावं. तुम्ही हाय, मी हाय. कोण काय करतंय?" आप्पा वाऱ्यामुळे ऐकू येत नसल्यासारखे गाडी चालवत राहिले.

दोन्ही व्याही आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांसमोर आले. रहेमानभाई ठेंगणे, नखांत ग्रीसची काळी रेघ बसलेली. त्यांनीही पोरीशी कितीतरी दिवस अबोला धरला होता, आणि तो शेवटी नातीने मोडला होता. काय बोलावं दोघांनाही सुचेना. "या आप्पा, बसा. पंखा लावू का?" "नको, थंडी हाय." समोर टेबलावर लॅपटॉप मांडला होता.

पडद्यावर चौकटी उघडल्या. एकीत सुनावणी घेणाऱ्या बाई, पिकल्या केसांच्या, शांत. एकीत वकील. एकीत दुभाष्या, मुंबईकडचं मराठी बोलणारा. आणि एकीत अमोल आणि अदिबा. अमोल बारीक झाला होता. आप्पांनी हात वर केला, त्यानेही केला, तेवढ्यात बाईंचा पहिला प्रश्न आला.

"या बॅनरवर ज्यांचे फोटो आहेत, त्यांनी तुमच्या मुलाचं अभिनंदन केलं आहे, बरोबर?"

"नाय."

"पण शुभेच्छुक म्हणून त्यांची नावं आहेत."

"नावं मी टाकली."

"त्यांना विचारून?"

"शुभेच्छुकाला कुणी इचारत नसतं, बाई."

दुभाष्या अडखळला. त्याने ते कसंबसं इंग्रजीत नेलं. बाईंनी चष्मा वर केला. "लोकांच्या परवानगीशिवाय त्यांचे फोटो तुम्ही चौकात लावता?"

"सगळेच लावतात. न लावले तर रुसतात."

कोपऱ्यात बसलेल्या रहेमानभाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यावर नेलं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद उलटला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग पहिल्या बॅनरवरही त्यांना कुणी विचारलं नसेल. तोही तुम्ही एकट्यानेच लावला असेल. म्हणजे दोन्ही बॅनरवरून त्या लोकांच्या मनात काय आहे ते काहीच कळत नाही. बरोबर?"

आप्पांनी अमोलकडे पाहिलं. त्याचा चेहरा खाली गेला होता. अदिबाने त्याच्या दंडावर हात ठेवला, त्याच मोडून सांधलेल्या हातावर. आपण तोंड उघडलं आणि पोराच्या हातातला एकुलता एक पुरावा काढून घेतला, हे आप्पांना कळलं.

"नाय, बाई," ते म्हणाले. "पहिला रोहितनं बनवला. रोज येऊन बसायचे समदे, मी नाय म्हणू शकलो नाय. फाईल त्याचीच. मी फोटो दिला. दुसऱ्या टायमाला फ्लेक्सवाल्यानं तीच फाईल काढली, वरचं अन् खालचं बदललं. माणसं तीच ऱ्हायली. म्हणून मधी गॉगलवाला हाय बघा, त्योच रोहित. माझ्या नातीच्या बॅनरवर मी त्याला मधी कशाला टाकीन?"

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ पाहिले. "हा रोहित आज काय म्हणतो?"

"येऊ द्या म्हणतो. मुंबईला घ्यायला येतो म्हणतो."

"म्हणजे तो त्यांचं स्वागत करायला तयार आहे."

"हो."

"मग धोका कुठे आहे?"

"बाई, ह्याचा हात त्यानं मोडला. माझ्याकडनं पत्ता नेऊन मोडला. अन् आता म्हणतो, त्योच जिन्यावरनं पडला. जो माणूस त्याला पडला म्हणतो, त्यो त्याला पुन्हा पाडू शकतो. त्याच्या तोंडात वाईट शब्द नसतो कधीच. मागच्या बारीलाबी नव्हता."

दुभाष्या हळूहळू सांगत गेला. सिंधुबाईंनी आप्पांकडे वळून पाहिलं. हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "ते परत आले, तर तुम्ही त्यांचं रक्षण करू शकाल का?"

सिंधुबाईंनी आप्पांचा शर्ट मागून घट्ट धरला. सांभाळू म्हणा, एवढंच त्या मुठीचं म्हणणं होतं. आणि खोटं का सांगा, आप्पांच्या ओठांवर तेच आलं होतं. हो म्हटलं की पोरगा घरी. त्याच वेळी अदिबाने कुठून तरी बाजूला हात नेऊन साराला उचललं, बहुधा ती रडायला लागली असावी, आणि ती पडद्यात आली. फोटोतल्यापेक्षा मोठी झाली होती. आठी तशीच होती.

"नाय," आप्पा म्हणाले. "माझ्याच्यानं नाय होणार. भिंत एक हाय आमची." साराकडे बघतच ते पुढे म्हणाले, "बाई, मी त्याचा बाप हाय. मला त्यो घरी पाहिजे. नातीला अजून हात लावला नाय मी. तरी मीच सांगतो, त्याला घरी पाठवू नका."

शर्टावरची मूठ सुटली. सिंधुबाई उठून आत अमिनाबाईंकडे निघून गेल्या. रहेमानभाईंनी लॅपटॉप बंद केला, आप्पांसमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, "मला विचारलं असतं, तर मीपण हेच सांगितलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं असतं की नाही, अल्ला जाणे."

परतताना सिंधुबाई गाडीवर मागे बसल्या, पण आप्पांच्या खांद्याला त्यांनी हात लावला नाही. मागची कडी धरून बसल्या. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बरोबर बोलला असाल. मी माफ करीन बी. पण आज नाय."

थंडी सरता सरता निकाल आला. अमोल जिंकला होता. फोनवर तो रडत होता, अदिबा रडत होती. मग साधना मॅडम फोनवर आल्या आणि त्यांनी नियम समजावून सांगितला. आता त्यांना तिथे राहता येईल, काम करता येईल, पुढे कायमचंही होता येईल. पण भारतात यायचं नाही. ज्या देशात जिवाला धोका आहे म्हणून सांगितलं, तिथे आपण होऊन गेलं की धोका नाही असं धरतात आणि आसरा काढून घेऊ शकतात. तुमच्या साक्षीतलं अक्षरही गावात कुणाला कळणार नाही, ते गुप्त असतं, हेही त्यांनी सांगितलं.

"अन् आम्हाला जाता येईल?" सिंधुबाईंनी विचारलं.

"अर्ज करू. व्हिसा देतीलच असं नाही, पण करू." सिंधुबाईंनी मान हलवली आणि शिवलेली दुपटी ट्रंकेत ठेवून दिली.

काढणी सुरू झाली होती. क्रेट आणायला म्हणून आप्पा चौकातून निघाले होते, तेव्हा मंडळाच्या शेडमधून रोहितने हात केला. पोरं बसली होती. आप्पांना थांबावं लागलं.

"आप्पा, कधीचं विमान? पोरं इचारू ऱ्हायली. मुंबईला गाडी सांगून ठेवायची ना."

"नाय येणार ते."

"का? काय झालं?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. दुसरं काही सुचलं असतं तर त्यांनी ते सांगितलं असतं. "मीच नको म्हणलो," ते म्हणाले.

रोहितने गॉगल काढला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. तो उठून पुढे आला आणि त्याने आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला वाटलंच होतं, आप्पा. बॅनर लावला तेव्हा पोरं काय काय बोलत होती, मी म्हणलो, थांबा, आप्पा आपल्या रक्ताला सोडणार नायत. शेवटी तुम्ही आपलेच." बसलेली पोरं उठून उभी राहिली. कुणीतरी खुर्ची पुसून पुढे ठेवली, कुणीतरी वाकून पायांना हात लावला. रोहितने टपरीकडे बघून आवाज दिला, "आप्पांना चहा सांगा रे, पेशल."

तो हात झटकून टाकावा, त्या पाया पडणाऱ्याच्या डोक्यात जोडा घालावा, असं आप्पांच्या मनात उसळून आलं. पण घरी त्याच भिंतीच्या अलीकडे सिंधुबाई एकट्या होत्या, आणि दोघांनाही इथेच राहायचं होतं. आप्पा खुर्चीवर बसले. चहा आला, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.